चिमटलेली पित्तनलिका: संशय आणि निकाल यांतील अंतर

१/ डोळे पिवळे, लघवी गडद, अंगभर खाज. सोनोग्राफीत यकृतातील पित्तनलिका फुगलेल्या आणि पुढे एका ठिकाणी नलिका चिमटल्यासारखी. अशा वेळी कर्करोगाचा संशय रास्तच असतो. परंतु संशय म्हणजे निकाल नव्हे, हे वैद्यकशास्त्र ठेचा खात शिकले.

२/ लंडन, १९८५. हॅमरस्मिथ रुग्णालयातील हॅजिस, कॉलियर व ब्लमगार्ट यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. यकृताच्या मुखाशी पित्तनलिकेचा कर्करोग, असे निदान घेऊन आलेल्या १०४ रुग्णांपैकी ८ जणांना कर्करोग नव्हताच. तंतुमय ऊतीने नलिका आवळली होती, एवढेच.

३/ ही चूक दोन्ही बाजूंनी घातक. बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाला असाध्य म्हणून सोडून द्यावे, किंवा गरज नसता यकृताचा भाग कापून काढावा. उलट, खरा कर्करोग सौम्य समजून वाट पाहिली, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

४/ मुंबई, १९९०. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. लहान छेद, कमी वेदना. ही पद्धत देशभर रुजली. मात्र पित्ताशय काढताना, पद्धत कोणतीही असो, नलिकेला इजा झाल्यास ती काही महिन्यांनी वा वर्षांनी आकसू शकते. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेची नोंद हा निदानातला मोलाचा पुरावा ठरतो.

५/ चंदीगड, १९९२. दिलावरी व चावला यांनी दाखवले की यकृताकडे जाणारी प्रवेशिका नीला बंद पडल्यास पित्तनलिकांमध्येही विकृती दिसते. तिथे फुगलेल्या पर्यायी शिरा नलिकेला दाबतात.

६/ मात्सुमोतो, जपान, २००१. हमानो व सहकाऱ्यांना स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहात आयजीजी-४ हे प्रतिपिंड रक्तात वाढलेले आढळले. हाच आजार पित्तनलिकाही आवळतो, हे पुढे स्पष्ट झाले. यात सहसा स्टिरॉइडने उतार पडतो. तरीही केवळ रक्तचाचणीवर विसंबता येत नाही. काही कर्करोगांतही हे प्रमाण वाढते.

७/ नाशिक, १९९८. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे स्थापन झाले. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. तिथला विद्यार्थी रुग्णाला प्रथम जे विचारायला शिकतो, त्याला वैद्यकाच्या भाषेतही 'पूर्वेतिहास' म्हणतात.

८/ इतिहासाचा अभ्यासक एकाच कागदावरून निष्कर्ष काढत नाही. पित्तनलिकेच्या बाबतीतही चित्र, रक्त, ऊतीचा तुकडा आणि पूर्वेतिहास या साऱ्यांची साक्ष एकत्र तपासावी लागते. बायॉप्सीत कर्करोग दिसला नाही, एवढ्यानेही तो नाही असे ठरत नाही.