हात कोणाचे, बाप्तिस्मा कोणाचा?

इ. स. ३०३ चा मे महिना. उत्तर आफ्रिकेतले सिर्ता शहर. आज ते अल्जीरियात आहे व त्याला कॉन्स्टंटीन म्हणतात. ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ जप्त करून जाळावेत, असा रोमन बादशहा डायोक्लेशन याचा हुकूम सुटला होता. सरकारी अंमलदार चर्चमध्ये शिरला आणि पंचनामा सुरू झाला. सोन्याचे पेले २, चांदीचे ६. बायकांचे झगे ८२, पुरुषांचे १६. बायकांच्या पायताणांचे जोड ४७. गोरगरिबांना वाटायचे कपडे असावेत ते. शिक्षकबंधूंनो, आपले डेडस्टॉक रजिस्टरदेखील इतके चोख नसेल! ग्रंथ बहुतेक वाचकांच्या, म्हणजे उपासनेत ते वाचून दाखवणाऱ्यांच्या घरी होते. घरोघर झडती झाली. त्यांत एक शाळामास्तरही होता. त्यानेही आपल्याजवळचे काढून दिले.

ह्याच कागदात सिल्वानस नावाच्या एका दुय्यम सेवकाची नोंद आहे. रांजणामागे सापडली म्हणून त्याने चांदीची एक पेटी व एक दिवा अंमलदारापुढे आणून ठेवला. हे नाव ध्यानात असू द्या.

छळ संपला आणि भांडण उभे राहिले. कार्थेज येथे सीसिलियन हा नवा बिशप झाला. त्याला दीक्षा देणाऱ्या फेलिक्सने छळाच्या वेळी ग्रंथ सरकारच्या हवाली केले होते, असा आरोप आला. पुढे चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, पण तोवर विरोधकांनी आपला निराळा बिशप नेमला होता. डोनाटस हा त्यांचा पुढारी. त्यावरून ते डोनाटिस्ट. त्यांचे म्हणणे असे : हाताला डाग लागला की त्या हाताने दिलेली दीक्षा खोटी, त्या दीक्षेचा बिशप खोटा, आणि त्याने दिलेला बाप्तिस्माही खोटा. आपल्याकडे येणाऱ्याला ते पुन्हा बाप्तिस्मा देत.

आता खेड्यातल्या एखाद्या कुळाचा विचार करा. पोराचा बाप्तिस्मा झाला, पोर दगावले. मागाहून कोणी सांगतो, तुमच्या धर्मगुरूला दीक्षा देणारा दगलबाज होता. त्या बापाने कोणाचे दप्तर तपासायचे?

३१४ साली फ्रान्समधल्या आर्ल येथे बिशपांची सभा भरली. ग्रंथ हवाली केल्याचे सरकारी दप्तरावरून सिद्ध झाले तर त्या धर्मगुरूला पदावरून काढावे. मात्र त्याने योग्य माणसाला दिलेली दीक्षा कायम राहील, असे ठरले. माझ्या मते सगळ्या वादात शहाणपणाचे वाक्य हेच. अधिकार काढता येतो, झालेला संस्कार पुसता येत नाही.

आणि सिल्वानस? तो सिर्ताचा बिशप झाला होता, तोही डोनाटिस्टांच्या बाजूचा! ३२० साली त्याच्याविरुद्ध चौकशी निघाली, तेव्हा १७ वर्षांपूर्वीचा तो पंचनामा भर कचेरीत वाचला गेला.

पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने ह्या प्रश्नाची नीट मांडणी केली. बाप्तिस्मा देणारा माणूस कसाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. यहूदाने दिला तरी तो ख्रिस्ताचाच. मात्र फुटून निघालेल्यांना त्याचे फळ एकीत परतल्यावरच मिळते, असेही तो म्हणे. ४११ साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. बादशहाच्या अधिकाऱ्याने डोनाटिस्टांविरुद्ध निकाल दिला, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्यावर दंड बसवणारा कायदा आला. ऑगस्टीनने सरकारी सक्तीला पाठिंबा दिला, ही गोष्ट मनाला खटकते.

पण परत आलेल्या डोनाटिस्टांना त्याने पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावले नाही. जुना बाप्तिस्मा चालला, सिल्वानसच्या हातचासुद्धा.