भाड्याचे गणित आणि मुंबईच्या चाळी

गरिबांसाठी घरे बांधणे नगरशासनाला इतके अवघड का जाते, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या स्वतःच्या इतिहासातच दडलेले आहे.

१८९६ साली मांडवी भागात प्लेगने शिरकाव केला आणि कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. रुंद रस्ते काढणे, वस्त्यांत हवा-उजेड आणणे व आरोग्यदायी घरे उभारणे ही त्याची उद्दिष्टे होती. नागपाड्यात पाडापाडी झाली, सँडहर्स्ट रोडसारखा प्रशस्त रस्ता निघाला. परंतु घर पाडण्यास एक आदेश पुरतो. बांधण्यास वर्षे लागतात. पोटापाण्याचा उद्योग सोडून दूर जाणे विस्थापितांना परवडणारे नव्हते. ते जवळच्याच चाळींत शिरले व तेथील दाटी वाढली.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई तीव्र झाली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, सरकारने ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते काढले. लोक त्याला बी.डी.डी. म्हणू लागले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. त्यासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ व शिवडीस १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे संकल्पाचा जेमतेम एक-तृतीयांश!

विपरीत असे की, टंचाईच्या त्या शहरात वरळीच्या कित्येक खोल्या ओस पडल्या. बांधकाम महागाईतले, तोटा सोसून आकारलेले भाडेही कामगाराच्या मिळकतीला जड होते. शिवाय सोयी अपुऱ्या होत्या. १९३० च्या सत्याग्रहात यांपैकी काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या चाळींच्या देखभालीचे ओझे तिच्या शिरावर आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये म्हाडाने वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही आनंदाची गोष्ट होय. हा खर्च त्याच जागेवरील महागड्या घरांच्या विक्रीतून भागवायचा आहे. पण घर विनामूल्य मिळाले, तरी उंच इमारतीची उद्‌वाहने व पाण्याचे पंप विनामूल्य चालत नाहीत.

भिंती उभारल्या म्हणजे निवाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. त्या घरात राहण्याचा दरमहाचा खर्च कुटुंबाला झेपतो की नाही, हे पाहिल्याशिवाय योजना पुरी झाली असे मानता येणार नाही. वरळीच्या त्या रिकाम्या खोल्यांनी शतकापूर्वी हाच धडा दिला होता.