कपाट विकलं, पाटल्या नाही

मागच्या व्याख्यानात आपण ताबा आणि मालकी यांतला फरक पाहिला. ते संपल्यावर एक बाई आमच्याकडे आल्या. सासूबाई गेल्यावर घरच्यांनी त्यांचं जुनं कपाट विकून टाकलं. पुढे सासूबाईंच्या हिशेबाच्या वहीत नोंद सापडली, की पाटल्या कपाटाच्या चोरकप्प्यात आहेत. "सर, आता त्या कुणाच्या?" आज इथूनच सुरुवात करू.

हाच प्रश्न १८४१ साली इंग्लंडमध्ये 'मेरी विरुद्ध ग्रीन' या खटल्यात आला. मेरीने लिलावात लिहिण्याचं एक जुनं मेज घेतलं. पुढे त्याच्या चोरकप्प्यात पैशांची थैली निघाली, ती त्याने ठेवून घेतली. चोरीच्या आरोपावरून त्याला पकडलं, तेव्हा त्याने पकडणाऱ्यांवरच दावा लावला. न्यायमूर्ती पार्क यांचा युक्तिवाद साधा होता. मेज मेरीचं झालं, थैली झाली नाही. विकणाऱ्याच्या मनात ती द्यायचं नव्हतं, घेणाऱ्याच्या मनात घ्यायचं नव्हतं. ती आहे हेच दोघांना ठाऊक नव्हतं. मात्र आतल्या वस्तूंसकट मेज विकत घेतलं, असं मानायला त्याला खरोखर आधार असेल, तर तो चोर ठरत नाही.

म्हणजे बघा, इथे प्रश्न दोन आहेत: मालक कोण, आणि चोर कोण? आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. चोर नसलेला माणूस तेवढ्याने मालक होत नाही.

आपल्याकडे १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे, पण तो जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत दडलेल्या धनापुरता. कपाट त्यात बसत नाही. १८७२ चा करार कायदा मात्र सांगतो, की दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. सापडलेली वस्तू म्हणजे बक्षीस नव्हे, ठेव.

यहुदी परंपरेत शिमोन बेन शेटाख या गुरूची कथा आहे. शिष्यांनी त्यांच्यासाठी गाढव विकत घेतलं, त्याच्या गळ्यात रत्न निघालं. विकणाऱ्याला ते माहीत नव्हतं एवढं कळताच गुरूंनी ते परत करायला लावलं.

आम्हाला यामागचं तत्त्व असं दिसतं: लपवलेली वस्तू टाकलेली नसते. कुणीतरी ती जपून ठेवलेली असते. त्या बाईंना आम्ही एवढंच म्हणालो, पाटल्या वारसांच्याच. पण घरात त्या कुणी पाहिल्याही नव्हत्या. साक्ष आहे ती फक्त वहीची. कपाट शोधा, पण आधी ती वही सांभाळा.