घरगुती वाय-फाय राउटर

घरगुती वाय-फाय राउटर हे घरात आलेली इंटरनेटची एक जोडणी रेडिओ लहरींच्या साहाय्याने अनेक मोबाइल, संगणक व दूरचित्रवाणी संचांना वाटून देणारे उपकरण होय. राउटर स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. बाहेरून येणाऱ्या जोडणीचा जो वेग असेल, त्याहून अधिक वेग महागडे उपकरणही देऊ शकत नाही. स्वस्त राउटर निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागते.

== पार्श्वभूमी ==

वाय-फायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरण्याची मुभा जानेवारी २००५ मध्ये मिळाली, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील निर्बंध ऑक्टोबर २०१८ मध्ये बरेच शिथिल झाले. बाजारात आढळणारी वाय-फाय ४, ५ व ६ ही नावे अनुक्रमे २००९, २०१३ व २०२१ मधील मानकांची आहेत.

== जोडणी आणि उपकरण ==

फायबर जोडणीसोबत सेवा कंपनी ओएनटी नावाची पेटी बसवते. प्रकाशाच्या रूपात आलेल्या संदेशाचे विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या या पेटीतच बहुधा वाय-फायची सोय असते. लहान घराला ती पुरते आणि वेगळा राउटर घेण्याचा खर्च वाचतो. दुकानात मात्र हे क्वचितच सांगितले जाते.

बीड जिल्ह्यात शहरे व मोठी गावे सोडली, तर अनेक कुटुंबे शेतवस्तीवर राहतात. तेथे फायबर पोचलेले नसल्यास सिमकार्ड घालता येणारा राउटर घ्यावा लागतो. साधा राउटर निरुपयोगी ठरतो. बालाघाटच्या डोंगररांगांमुळे एकाच शिवारात एका कंपनीचे नेटवर्क मिळते व दुसरीचे मिळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी वस्तीवर निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे मोबाइलमध्ये घालून पाहणे इष्ट.

== वेगाचे आकडे ==

खोक्यावरील 'एसी १२००' हा आकडा २.४ गिगाहर्ट्झवरील ३०० व ५ गिगाहर्ट्झवरील ८६७ मेगाबिट या कमाल वेगांची बेरीज करून पूर्णांकात मांडलेला असतो. कोणत्याही एका मोबाइलला तो वेग मिळत नाही. शिवाय अशा अनेक स्वस्त राउटरांची तारेची जोडणी १०० मेगाबिटांचीच असते; २०० मेगाबिटांची योजना घेतलेल्या घरात निम्मा वेग तेथेच अडतो. १०० मेगाबिटांहून मोठी योजना असल्यास खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' असा उल्लेख आहे का, हे पाहावे. चांगल्या दर्जाच्या चित्रफितीला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. त्यामुळे ऑनलाइन वर्ग व अभ्यासासाठी ३० ते ४० मेगाबिटांची योजना आणि साधा दुहेरी पट्ट्याचा राउटर चार-पाच माणसांच्या कुटुंबाला पुरेसा होतो.

== घराची रचना ==

मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांच्या भिंती दगड-मातीच्या व बऱ्याच जाड असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या, तरी अशा भिंतीतून त्या फारशा पलीकडे जात नाहीत, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी मंद, पण अधिक दूर पोचतात. दोन्ही पट्टे असलेला राउटर घ्यावा, हे सांगण्यामागील कारण इतकेच. पत्र्याची आडभिंत, लोखंडी कपाट व पाण्याची टाकी लहरींना अडवतात. देवळीत किंवा कपाटामागे ठेवलेला चांगला राउटरही म्हणूनच दुबळा वाटतो. घराच्या मध्यभागी, माणसाच्या उंचीइतक्या मोकळ्या जागी तो ठेवल्यास दुसरे उपकरण घेण्याची गरज बहुधा भासत नाही. अँटेनांची संख्या पाहून खरेदी करण्याची पद्धत रूढ असली, तरी तिला फारसा अर्थ नाही.

वीज वारंवार जात असल्यास राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरीसंच उपयोगी पडतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ व्होल्टवर; ॲडॉप्टरवरील आकडा जुळवूनच संच घ्यावा. ओएनटी व राउटर वेगवेगळे असल्यास दोहोंनाही बॅटरी लागते, अन्यथा राउटरचा दिवा चालू राहूनही इंटरनेट बंदच राहते.

== सुरक्षितता ==

डब्ल्यूपीए २ (२००४) किंवा डब्ल्यूपीए ३ (२०१८) ही सांकेतिकीकरणाची सोय नसलेला जुना राउटर फुकट मिळाला, तरी वापरू नये. एखाद्या कंपनीने आपल्या ग्राहकांना दिलेला राउटर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. परंतु तो पुष्कळदा त्याच कंपनीच्या जोडणीवर चालतो. राउटर सुरू केल्यावर वाय-फायचा पासवर्ड आणि सेटिंग उघडण्याचा पासवर्ड असे दोन्ही बदलावे लागतात. यांपैकी दुसरा बहुतेकांकडून राहून जातो.