तक्रार दिली तर आरोपीचा वकील माझं व्हॉट्सअ‍ॅप वाचणार का?

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत कुणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो. मध्यंतरी एका मुलीने फोन पुढे केला आणि विचारलं, "दादा, सगळं व्हॉट्सअ‍ॅप कायमचं उडवता येतं का?" तिला एकाविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची होती, पण कोर्टात त्याचा वकील आपले सगळे चॅट मागवेल ही भीती. मी आधी एवढंच म्हणालो, काहीही डिलीट करू नकोस. बाकीचं उत्तर लांब आहे, म्हणून हा लेख.

कागद किंवा वस्तू हजर करा, असा आदेश कोर्ट काढतं तो समन्स. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली निघतो. जुन्या कायद्यात हेच कलम ९१ होतं. नव्या कलमात इलेक्ट्रॉनिक संवाद आणि डिजिटल पुरावा असू शकणारी उपकरणं, म्हणजे तुमचा-माझा मोबाईलसुद्धा, स्पष्ट लिहिली आहेत. पण आरोपीचा वकील परस्पर काही मागवू शकत नाही. त्याला कोर्टात अर्ज करून ती गोष्ट खटल्यासाठी का लागते ते पटवावं लागतं. आणि आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यावर आरोपीला सहसा हा हक्क नसतो, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये देवेंद्रनाथ पाढी प्रकरणात सांगितलंय.

खरी मेख वेगळीच आहे. पोलीस फोन जप्त करतात, प्रयोगशाळेत त्याची हुबेहूब प्रत म्हणजे क्लोन बनते. त्यातलं जे दोषारोपपत्राला जोडलं जातं, त्याची प्रत आरोपीला मिळते. तिथे समन्सची गरजच पडत नाही!

मग खासगीपणाचं काय? केरळमधल्या अभिनेत्रीच्या खटल्यात आरोपीने मेमरी कार्डचा क्लोन मागितला होता. २९ नोव्हेंबर २०१९ ला न्या. खानविलकर यांच्या खंडपीठाने सांगितलं, की एरवी अशी प्रत द्यावी लागते, पण पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर आरोपी, वकील आणि तज्ज्ञ यांना फक्त बघू देता येईल. हा निकाल लक्षात ठेवा.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. २१ मे २०२१ ला म्हापशाच्या सत्र न्यायालयाने तरुण तेजपाल यांना निर्दोष सोडलं. ५२७ पानांच्या त्या निकालात तक्रारदार महिलेच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांची बरीच चर्चा आहे. शिवाय तिची ओळख पटेल असे उल्लेखही राहिले होते. २७ मे ला मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने, निकाल वेबसाइटवर टाकण्याआधी ते झाका, असा आदेश दिला. राज्य सरकार अपिलात गेलं. दुसरी बाजूही सांगतो : हॉटेलच्या पहिल्या मजल्याच्या सीसीटीव्ही चित्रणावरून त्याच निकालात तपासावर ताशेरे आहेत. पुरावा मागायचा हक्क आरोपीलाही का लागतो, ते इथे कळतं.

कायद्याचं थोडं संरक्षण आहे. लैंगिक गुन्ह्यांत संमतीचा प्रश्न असेल, तेव्हा तिचे आधीचे संबंध गैरलागू (भारतीय साक्ष अधिनियम, कलम ४८). तिची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद (भारतीय न्याय संहिता, कलम ७२). हे स्टेटस आणि फॉरवर्ड टाकणाऱ्यांनाही लागू आहे बरं का. मात्र अमेरिकेच्या फेडरल नियमांत पीडितेची खासगी माहिती तिसऱ्याकडून मागवायची तर सहसा आधी तिला नोटीस द्यावी लागते. आपल्या कलम ९४ मध्ये तसं एक वाक्यही नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

त्या मुलीला मी सांगितलं : फोन दिलास तर पंचनाम्याची प्रत माग, हॅश व्हॅल्यू नोंदवली का ते विचार. हॅश म्हणजे डेटाचा अंगठा. एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रातही तो लिहावा लागतो. आणि वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

"आणि फक्त त्याच्याबरोबरचेच, त्या दोन महिन्यांचेच चॅट काढा, असं लिहून देता येतं?" तिने विचारलं.

देता येतं. मान्य होईलच असं नाही, पण अर्ज रेकॉर्डवर राहतो.