खुराक, चराऊ गुरांचा (वऱ्हाड)

चराईवरील गुरांना वाढ, दूध व कामाची ताकद यांसाठी दिला जाणारा पूरक आहार. मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम, १९९८ पूर्वी अकोला जिल्हा) ज्या वऱ्हाडात मोडते, तेथे सरकी हा प्रमुख खुराक होय. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला तेजी आली. पुढे लागवड वाढून चराऊ राने घटली. घरच्या रेच्यावर काढलेली सरकी गोठ्यातच राही. कारखाने निघाल्यावर ती कापसाबरोबरच विकली जाऊ लागली आणि शेतकऱ्याला ढेप विकत घ्यावी लागली. उन्हाळ्यातील वाळल्या गवतात प्रथिने अल्प असतात. थोड्या ढेपेने गुरे ते अधिक खातात व पचवितात. धान्य फार झाल्यास मात्र गवताचे पचन मंदावते. त्यामुळे खुराकाचा नफा त्याच्या बेताच्या प्रमाणावर व ढेपेच्या भावावर ठरतो.