ओचा, शाल आणि गाऊन

प्रश्न वरवर अगदी साधा आहे. बाईने शस्त्र बाळगायचं ठरवलं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नाही, तर ठेवायचं कुठे?

पुरुषांना हा प्रश्न फारसा पडत नाही. खिसा असतो, कमरेला पट्टा असतो, वर कोट असतो. "बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात?" ही तक्रार आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे (आत्या हे वाचत असतील तर आत्ताच मान डोलवत असतील!). पण या तक्रारीचं एक टोक शस्त्रांच्या इतिहासात जाऊन पोचतं, हे जरा उशिराच लक्षात आलं.

खिसा नव्हता म्हणजे काहीच सोय नव्हती, असं नाही. आपल्याकडे नऊवारीला ओचा होता, कनवटी होती. सुपारी, किल्ल्या, नाणी, सगळं तिथे जायचं. युरोपात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत बायका कापडी पिशव्या नाडीने कमरेला बांधत, त्याही घागऱ्याच्या आत. घागऱ्याला बाजूला फट ठेवलेली असे, तिच्यातून हात आत घालायचा. १७९०च्या सुमाराला अंगालगत बसणाऱ्या झग्यांची फॅशन आली, आतल्या पिशवीचा फुगवटा दिसायला लागला आणि पिशवी हातात आली. आजची पर्स ही तिची पणती. या बदलात मोठा तोटा झाला असं मला वाटतं. अंगाला बांधलेली वस्तू कुणी सहज हिसकावत नाही, हातातली हिसकावतो.

त्याच दशकात, १३ जुलै १७९३ला, शार्लोट कॉर्दे पॅरिसमध्ये मारा नावाच्या क्रांतिकारक नेत्याला भेटायला गेली. सकाळी बाजारातून स्वयंपाकघरातली सुरी विकत घेतली होती, ती कपड्यांत लपवली होती. मारा त्वचेच्या विकारामुळे न्हाणीच्या टबात बसून काम करत असे. तिथेच तिने त्याला भोसकलं. पळण्याचा बेत नव्हताच, चार दिवसांनी तिचं डोकं उडवलं गेलं. तिने केलेलं बरोबर की चूक, यावर फ्रेंच लोक अजून भांडतात. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की शस्त्र कसं लपवायचं हे ठरवताना ते बाहेर किती लवकर निघेल हेही ठरवावं लागतं.

बंदुका बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. थंडीत बायका दोन्ही हात खुपसायला फरची नळकांडी वापरत, तिला मफ म्हणतात. त्यात मावतील अशी इवलीशी पिस्तुलं एकोणिसाव्या शतकापर्यंत बनत होती. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते, कारण हात आधीपासूनच शस्त्रावर असतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, बिचारीला थंडी वाजते आहे. अमेरिकेत रेमिंग्टनचं दोन नळ्यांचं डेरिंजर १८६६पासून १९३५पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं बनत राहिलं. रिव्हॉल्व्हरचा घोडा मात्र खिशातून काढताना कापडात अडकायचा. त्यावर उपाय म्हणून १८८७ साली स्मिथ अँड वेसनने घोडा आतच झाकून टाकलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. कापड आणि लोखंड यांचं जमत नाही, ही या सगळ्या प्रकरणातली खरी अडचण!

आणि काही वेळा लपवायची गरजच नसते. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये लिओटी ब्लेकर नावाची कॅन्सासहून आलेली तरुणी घोड्याच्या गाडीतून चालली होती. शेजारचा म्हातारा सरकत सरकत अंगाशी आला, पाठीमागे हात टाकला. तिने टोपीतली वीतभर लांब पिन काढून त्याच्या दंडात खुपसली. पुढच्या काही वर्षांत हॅटपिनचा इतका गवगवा झाला, की मार्च १९१०मध्ये शिकागोच्या नगरसभेने टोपीबाहेर अर्ध्या इंचाहून जास्त टोक काढायला बंदी घातली. दंड ५० डॉलर. अंगाशी येणाऱ्यांवर किती बंधनं आणली, ते विचारू नका. (मुंबईच्या बसने प्रवास केलेल्या माझ्या पिढीच्या बायकांना पर्समधली सेफ्टी पिन आठवली असेल. असो.)

पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं होतं त्या मुली बंगालमधल्या आहेत.

१४ डिसेंबर १९३१. कोमिल्ला, आता बांगलादेशात. शांती घोष पंधरा वर्षांची, सुनीती चौधरी चौदा. दोघी शाळकरी मुली जिल्हा मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. वर्गमैत्रिणींची पोहण्याची स्पर्धा भरवायची आहे, त्यासाठी अर्ज द्यायचा आहे, असं सांगितलं. हातात अर्ज आणि अंगावर शाली. डिसेंबरातल्या बंगालमध्ये शालीचं कुणाला काय वाटणार? शालीतून पिस्तुलं निघाली आणि स्टीव्हन्स जागीच गेला. सुनीतीची तर्जनी चापापर्यंत पोचत नसे, म्हणून ती मधल्या बोटाने चाप ओढायला शिकली होती, असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मी चौदा वर्षांच्या मुलीचा हात डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि थोडा वेळ पुढे वाचवलं नाही. एका माणसाचा जीव गेला, हेही त्याच क्षणी मनात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी मला जमलेली नाही.

वय कमी म्हणून फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. १९३९ साली सुटल्या. सुनीती पुढे डॉक्टर झाली.

यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ला, कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन (हो, इंग्लंडचा माजी क्रिकेट कप्तान) भाषणाला उभा होता. पदवी घ्यायला आलेल्या बीना दासने गाऊनखालून रिव्हॉल्व्हर काढून पाच गोळ्या झाडल्या. एकही त्याला लागली नाही. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी तिला पकडलं. नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. लपवण्याची जागा याहून चांगली मिळाली नसती. तो ढगळ काळा गाऊन विद्यापीठानेच घालायला सांगितलेला, आणि त्या दिवशी त्या सभागृहात तो नसता तरच लोकांनी वळून पाहिलं असतं. रिव्हॉल्व्हर पुरवलं होतं कमला दासगुप्ताने. ती मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापक होती आणि क्रांतिकारकांचं सामान तिथेच ठेवलेलं असे. बीना दासची अडलेली पदवी विद्यापीठाने २०१२ साली दिली. ती जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

याच्या उलट गोष्ट कल्पना दत्तची. सप्टेंबर १९३२मध्ये चितगावजवळ पहाडतळीला युरोपियन क्लबची टेहळणी करायला ती मुलाच्या वेशात गेली आणि पकडली गेली. साडीवर शाल ओढलेल्या दोघी मॅजिस्ट्रेटच्या पुढ्यात पोचतात, आणि मुलाचे कपडे घातलेली रस्त्यातच अडकते. (प्रीतिलता वड्डेदार आठवड्याने त्याच क्लबवर पुरुषी वेशातच चालून गेली, पण तो उघड हल्ला होता.) ज्या कपड्यांनी बायकांना घरात बांधून ठेवलं, "या काय करणार?" असं लोकांना वाटायला लावलं, तेच कपडे त्या मुलींच्या कामी आले. संशय न येणं हीच त्यांची खरी म्यान होती.

दुर्गाभाभींनी तर डिसेंबर १९२८मध्ये माणसंच लपवून नेली. लाहोरहून निघालेल्या गाडीत भगतसिंग साहेबी पोशाखातले 'पती', कडेवर भाभींचा छोटा मुलगा, आणि आपले खेडचे राजगुरू नोकर. पिस्तुलं होतीच, पण बायको-मुलासह पहिल्या वर्गाने निघालेल्या साहेबाला कोण हटकणार? ऑक्टोबर १९३०मध्ये याच भाभींनी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्याबाहेर मोटारीतून गोळ्या झाडल्या.

आता अगदी अलीकडचं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. पॉइंट ३२ बोअर, वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, वर परवान्याची यातायात. वजन कमी केलं होतं, नाव विचारपूर्वक ठेवलं होतं, आणि दागिन्यांच्या पेटीसारखी किरमिजी पेटीसुद्धा दिली होती. ठेवायचं कुठे, तर पर्समध्ये मावतं, असं सांगण्यात आलं. पर्समध्ये! चेन उघडायची, रुमाल, किल्ल्या, डबा, मोबाइल बाजूला सारायचा आणि मग रिव्हॉल्व्हर शोधायचं. ते बनवण्याआधी कुणीतरी चार बायकांना आपापल्या पर्समधून घाईत किल्ली काढून दाखवायला सांगायला हवं होतं.